आधी वही परत आणा

सल्ला सदर : लिहिणाऱ्यांसाठी

मॅडम, सप्रेम नमस्कार.
मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमची मातृभाषा तेलुगू. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. ती गेल्यावर मी तिच्याविषयी लिहायला बसले आणि बघता बघता ३१० फुलस्केप पानं झाली. एका प्रकाशकांकडे गेले. त्यांनी वही ठेवून घेतली आणि आठवड्यात 'स्वीकृत' म्हणून कळवलं. १,००० प्रतींसाठी मी १,३५,००० रुपये भरायचे. पुस्तकाची किंमत ४०० रुपये, मला १० टक्के रॉयल्टी आणि ५० प्रती मोफत. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ५,००० रुपये वेगळे. मोठ्या लेखकाची प्रस्तावना मिळवून देऊ म्हणतात, तिचं मानधन वेगळं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी प्रकाशन हवं असेल तर याच महिन्यात करार करा, असा आग्रह आहे. ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत. सही करू का? मुलगी म्हणते, त्यातलं तेलुगू काढून टाक, मराठी वाचकाला कळणार नाही. कराराचा मसुदा आणि पहिली दोन प्रकरणं सोबत पाठवते. झेरॉक्स माझ्याकडे तेवढ्याच पानांची आहे.
– एक वाचक, सोलापूर

ताई,

सगळ्यात आधी वही परत आणा. करार, प्रस्तावना, सोहळा हे मागाहून बघता येईल. ३१० पानांची एकुलती एक प्रत फारशी ओळख नसलेल्या माणसाच्या कपाटात पडून आहे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. उद्याच जा. भांडायची गरज नाही. 'दुरुस्त्या राहिल्यात' एवढं म्हणा, ते खरंच आहे. वही हातात पडली की घरी जायच्या आधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढा. मुलीला पानापानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. एक प्रत बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे राहू द्या. इथून पुढे मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही, मी मागितली तरी नाही.

आता सहीचं. करू नका.

त्यांनीच दिलेले आकडे घेऊन हिशेब मांडू. ४०० रुपयांवर १० टक्के म्हणजे प्रतीमागे ४० रुपये. तुमच्या ५० प्रती सोडल्या तर विक्रीला उरतात ९५०. त्या शेवटच्या प्रतीपर्यंत खपल्या असं धरलं तर तुम्हाला मिळतील ३८,००० रुपये. तुमच्या वाट्याच्या ५० प्रतीही तुम्ही पूर्ण किमतीला विकल्या तर आणखी २०,०००. सगळे मिळून ५८,०००. आयएसबीएनसकट भरलेले १,४०,०००. म्हणजे एकही प्रत शिल्लक राहिली नाही तरी तुम्हाला ८२,००० रुपयांची खोट आहे. पुस्तक जेमतेम खपलं तर काय होईल ते तुम्हीच मांडून बघा.

आणि समोरच्या बाजूला? छपाईचा खर्च तुमच्या पैशातून भागलेला, नफाही बहुतेक त्यातच निघालेला. मग प्रती विकायची निकड त्यांना कशाला राहील? माझा खरा आक्षेप इथे आहे. प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो, जोखीम घेतो, म्हणून तो पुस्तक वाचकापर्यंत नेण्यासाठी धडपडतो, आणि म्हणूनच लेखकाने थोड्या टक्क्यांवर समाधान मानायचं असतं. जोखीम सगळी लेखकाची आणि टक्केवारी प्रकाशनाच्या रीतीची, हे एकत्र कसं चालेल?

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. मराठीत कितीतरी कवितासंग्रह आणि आठवणींची पुस्तकं तशीच निघतात. फक्त पैसा तुमचा असेल तर छापलेल्या सगळ्या प्रती तुमच्या, हक्क तुमचे, आणि कागद किती, छपाई किती, बांधणी किती याचा खर्च तुम्हाला वेगवेगळा दिसला पाहिजे. वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीतले ३० ते ५० टक्के घेतात, तो त्या धंद्याचा रिवाज आहे. तोही आधी समजून घ्यायचा.

आयएसबीएनच्या ५,००० रुपयांबद्दल मला रागच आला. भारतात हा क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. प्रकाशक मागू शकतो, तसा स्वतः पुस्तक काढणारा लेखकही मागू शकतो. अर्ज ऑनलाइन होतो.

मसुद्यात आणखी एक वाक्य आहे, ज्याच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही : 'सदर साहित्यकृतीचे सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.' पैसे तुम्ही भरायचे आणि वर हेही द्यायचं! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिताक्षणी तुमचाच असतो. तुमच्या हयातीत आणि तुमच्या पश्चात आणखी ६० वर्षं तो राहतो, म्हणजे तुमच्या मुलीचा आणि नातवंडांचाही तो प्रश्न आहे. नोंदणी करायलाच हवी असं नाही. मनाच्या समाधानासाठी करायची तर ५०० रुपयांत होते. हा हक्क दुसऱ्याकडे जातो तो केवळ लेखी आणि सही केलेल्या कागदाने. त्याच कायद्याचं १९ वं कलम लेखकाच्या बाजूने आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास, ते परत तुमच्याकडे येतात. पण ही सगळी ढाल कागदावर काही लिहिलेलं नसेल तेव्हाची. 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व भाषा' असं स्पष्ट लिहून तुम्ही सही केलीत तर कायदा तुम्हाला फारसा वाचवू शकणार नाही.

पुढे एखादा चांगला प्रकाशक भेटला तर त्याला मराठी छापील आवृत्तीचा हक्क द्या, तोही ठरावीक वर्षांसाठी किंवा एका आवृत्तीपुरता. अनुवाद, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रपट हे सगळं स्वतःकडे ठेवा. तुमच्या बाबतीत तेलुगू अनुवाद ही हवेतली गोष्ट नाही. हे पुस्तक नीट झालं तर तेलुगूत ते कुणीतरी मागेलच, आणि तेव्हा तो हक्क तुमच्या हातात असायला हवा.

व्यवहाराचं झालं. आता ज्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं ते सांगते. तुमची दोन्ही प्रकरणं मी वाचली, काही पानं पुन्हा पुन्हा वाचली. माझं मत असं आहे की हे पुस्तक अजून छापायच्या अवस्थेत आलेलं नाही, आणि ते फार चांगलं पुस्तक होऊ शकतं. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या आहेत, म्हणूनच मला घाई नको आहे. आठवड्यात 'स्वीकृत' म्हणणाऱ्याने हे वाचलं असेल असं मला वाटत नाही. वाचलं असतं तर नवव्या पानावर तो थांबला असता.

पहिलं प्रकरण तुम्ही असं सुरू करता : 'मानवी जीवन म्हणजे संघर्षाची अखंड यात्रा होय.' मग चार पानं स्त्री, श्रम, त्याग, समाज. शाळेत निबंधाला आपण सगळ्या असंच लिहायला शिकलो आणि पुढे तुम्ही मुलांनाही तसंच शिकवलं असेल. त्या वाक्यांत चूक काही नाही, पण ती कुणाच्याही आईबद्दल लिहिता आली असती. पुढची चार पानं सोलापूरच्या इतिहासाची. आणि मग नवव्या पानावर हे येतं :

'आई विड्या तेलुगूत मोजायची आणि पैसे मराठीत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोलताना मान वर, हात खाली. एकदा शेजारची अक्का रडत आली, तेव्हाही हात थांबले नाहीत, फक्त मोजणं थांबलं. ती गेल्यावर आईने आकडा सोडला होता तिथूनच उचलला : इरवै रेंडू, इरवै मूडू.'

ताई, हे लिहायला जमणारी माणसं थोडी असतात. 'संघर्ष' शब्द इथे कुठेच नाही आणि तरी सगळं कळतं. शेजारणीच्या दुःखाला वेळ द्यायचा, पण हजार विड्यांचा हिशेब चुकू द्यायचा नाही, एवढ्या अरुंद जागेत ती बाई जगत होती. घरातली भाषा कुठली, बाहेरची कुठली, हेही पहिल्याच वाक्यात आलं. तुमचं पुस्तक इथून सुरू होतं. आधीची आठ पानं काढून टाका. इतिहासातलं जे लागेल ते पुढे, लागेल तिथे, दोन-तीन ओळींत येऊ द्या.

नवव्या पानानंतर मात्र तुम्ही परत निबंधाकडे वळता. 'आईने अपार कष्ट उपसले, पण कधी तक्रार केली नाही.' वाचक म्हणून मला हे वाक्य काहीच दाखवत नाही. मला तिचा एक दिवस हवा आहे, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची ना? ते गाठोडं घरात कुठे असायचं? पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पानं कापताना तिच्या बोटांना घट्टे कुठे पडले होते? दोरा कोणत्या रंगाचा? तोंड दुमडायला ती काय वापरायची, नख की काडी? कारखान्यात माल दिल्यावर तपासणारा किती विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा, त्या परत मिळायच्या की तशाच जायच्या? त्या दिवशी घरी येताना ती बोलायची का? तुम्ही स्वतः शाळेतून आल्यावर पहिल्यांदा सुपाशी कधी बसलात? गृहपाठाच्या वहीला तंबाखूचा वास यायचा का, आणि वर्गात कुणी काही म्हणालं का? दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत तुम्ही लिहिलंय की शाळेत डबा उघडायला तुम्ही कचरत होतात. ती ओळ लिहून लगेच पुढच्या वर्षात निघून गेलात. तिथे थांबायला हवं होतं. त्या एका ओळीत अख्खं प्रकरण दडलेलं आहे.

यातलं पुष्कळ तुम्हाला आठवेल, काही आठवणार नाही. मग पूर्व भागात किंवा कुंभारीच्या घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आईबरोबर काम केलेल्या ज्या बायका आहेत त्यांच्याकडे जाऊन बसा. वही घेऊन प्रश्नोत्तरं करू नका. त्या काम करत असतील तेव्हा बसा, हात चालू असताना माणसं जास्त खरं बोलतात. घरी आल्यावर त्याच रात्री टिपून ठेवा. एकाच घटनेबद्दल दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा.

दुसऱ्या प्रकरणाचा दोष वेगळा आहे. मामा, काका, आत्या, सगळ्यांची लग्नं, कोण कुठे नोकरीला लागलं, कुणी कधी घर बांधलं. घरच्यांसाठी ती माहिती मोलाची आहे. तिची वेगळी वही करा, नातवंडांना उपयोगी पडेल. पुस्तकात मात्र एक कसोटी लावा : या पानावर आई आहे का? नसेल तर तिचा काही परिणाम, तिची काही गैरहजेरी तरी आहे का? दोन्ही नसेल तर ते पान बाजूला ठेवा. ३१० ची २०० पानं झाली तरी मला वाईट वाटणार नाही, तुम्हालाही काही दिवसांनी वाटणार नाही.

दोन तथ्यं मला लगेच खटकली, ती सांगून ठेवते. चार हुतात्म्यांना सोलापुरात फाशी दिली असं तुम्ही लिहिलंय. मार्शल लॉ सोलापुरात लागला तो मे १९३० मध्ये, पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात. दुसरं, विडी कामगारांचा कायदा '१९७०च्या सुमारास' आला असं आहे. तो १९६६ चा. कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. आपल्या गावात अशी चूक दहाव्या वाचकाच्या नजरेला पडते आणि मग त्याचा बाकीच्या पुस्तकावरचाही विश्वास उडतो. असं प्रत्येक साल, प्रत्येक मजुरीचा दर तपासा. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुनी पुस्तकं आणि अंक चाळायला चार दुपारी काढा. आईचं कामगार कार्ड, पीएफचे कागद घरात असतील तर ते तर तुमचा सगळ्यात चांगला पुरावा.

एक सुचवावंसं वाटतं. २००६ हे वर्ष तुम्ही एका परिच्छेदात उरकलं आहे. त्या वर्षी कुंभारीच्या वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, आणि त्याच वर्षी सोलापुरात मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आईला घर मिळालं असं तुम्ही लिहिता. तुम्ही शिक्षिका, तेव्हा संमेलनाला गेला असाल. एकाच गावात, एकाच वर्षी, आई कुठल्या रांगेत होती आणि लेक कुठल्या मांडवात, हे लिहून बघा. मला तरी ते वाचायचं आहे.

मुलीचं म्हणणं आता घेऊ. तेलुगू काढू नका. आई प्रमाण मराठीत बोलायला लागली की ती तुमची आई राहणार नाही. फक्त तीन गोष्टी सांभाळा. शब्दाचा अर्थ त्या वाक्यातल्या हालचालीतून कळेल अशी रचना करा, जसं त्या मोजण्यातून मला न विचारता कळलं. शेजारी कंसात अर्थ देत बसू नका, वाचणाऱ्याची लय तुटते. आणि एक शब्द सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, एकदा 'अक्का' आणि एकदा 'आक्का' असं नको. लांबलचक संभाषण असेल तर ते मराठीत द्या, पण सोलापूरच्या पूर्व भागात ऐकू येणारं मराठी द्या, पाठ्यपुस्तकातलं नको.

नातेवाइकांबद्दल थोडक्यात. काकांच्या दारूचा प्रसंग खरा असेल, तरी त्यांच्या मुलांना ते पान छापण्याआधी दाखवा. परवानगी मागायची असं नाही, पण त्यांना ते दुकानात कळू नये. कारखानदाराचं नाव घेऊन जो आरोप केला आहे तो सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे नसेल तर नाव काढा. प्रसंग तसाच राहू द्या, त्याने त्याचं बळ कमी होत नाही.

मग पैशाचं काय करायचं? खर्च करायचाच असेल तर त्यातला थोडा भाग संपादनावर करा. संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं नव्हे, ते मुद्रितशोधन. ते शेवटी, वेगळ्या माणसाकडून करून घ्यायचं. संपादक आधी पुस्तकाचा सांगाडा बघतो : काय कुठे यावं, काय गळावं, काय अजून लिहायचं राहिलं आहे. मग वाक्यांकडे येतो. सगळं काम सोपवण्याआधी एखादं प्रकरण संपादित करून मागा. त्या पानांवर तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येतो का ते बघा. येत नसेल, सगळं गुळगुळीत होऊन आलं असेल, तर तो माणूस कितीही नावाजलेला असो, तुमच्या पुस्तकासाठी नव्हे. मोबदला, मुदत आणि किती वेळा हात फिरवणार, हे पत्रावर लिहून घ्या. दुसरा खर्डा मात्र संपादकाकडे जाण्याआधी तुम्हीच लिहायचा.

टंकलेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नि मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, करा. छापखान्यातला अक्षरजुळणीवाला बहुधा ते त्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेईल आणि त्या बदलात काही अक्षरं हमखास बिघडतात. 'वाऱ्या', 'तऱ्हा', 'ॲ' असले जोडाक्षरांचे नि चिन्हांचे शब्द खास तपासा. तुमच्या पुस्तकात तेलुगू नावं आणि आकडे आहेत, तिथे यंत्राच्या दुरुस्तीवर विश्वास नको. निदान दोन प्रुफं वाचा, आणि दुसरं वाचताना पहिल्यातल्या दुरुस्त्या खरंच झाल्यात का ते ताडून बघा. दुरुस्ती करताना नवी चूक घुसते, हा रोजचा अनुभव आहे.

दुसरा खर्डा झाला की पुढच्या वाटा तीन. पहिली दिवाळी अंकाची. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा नव्या लेखकाला आजही दार उघडून देते. तुमचं ते विड्या मोजण्याचं प्रकरण स्वतंत्र लेख म्हणून उभं राहील. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा, दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नसतो. छापून आलं तर पुढे प्रकाशकाशी बोलताना ते कामी येतं. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे आणि मंडळ त्यासाठी जाहिरात देऊन हस्तलिखितं मागवतं. आत्ता पैसे भरून घाईने पुस्तक काढलंत तर 'पहिलं पुस्तक' ही तुमची संधी त्यातच संपेल. तिसरी वाट सरळ प्रकाशकांची. ग्रंथालयात जाऊन गेल्या काही वर्षांतली आत्मकथनं आणि व्यक्तिचित्रं काढा, आतल्या पानावर प्रकाशक कोण ते टिपा. अशा पुस्तकांत ज्यांना रस आहे अशा चार-पाच जणांनाच एक पानाचा गोषवारा आणि दोन प्रकरणं पाठवा. उत्तर यायला महिने लागतात. नकार आला तर कारण विचारा. कधी कधी मिळतं आणि ते उपयोगाचं असतं.

या तिन्ही वाटांनी काही जमलं नाही आणि स्वखर्चाने काढायचं ठरवलंत, तर १,००० प्रती काढू नका. तुमच्या ३१० पानांचा मजकूर आहे तसा डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या, आकारात साधारण २४० पानांचा होईल, म्हणजे सोळा-सोळा पानांचे १५ फर्मे (छापून दुमडलेले गठ्ठे). सत्तर जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणाऱ्या, कागदावर अशी एक प्रत पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. हजार प्रती म्हणजे पावणेतीनशे किलो कागद, आणि तुम्ही लिहिलंय की घर दोन खोल्यांचं आहे. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या मोठ्या छपाईला, प्रती वाढल्या की प्रतीचा खर्च उतरतो हे खरं, पण न विकलेली प्रत कितीही स्वस्त पडली तरी पैसा अडकलेलाच. डिजिटल छपाईत शंभर प्रती काढता येतात. एक प्रत महाग पडेल, एकूण खर्च मात्र आटोक्यात राहील. त्या संपल्या की पुढच्या शंभर. बांधणी शिवणीची करायला सांगा, नुसती डिंकाने चिकटवलेली पानं ग्रंथालयात लवकर सुटतात. आणि पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह कायद्याने ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, ते विसरू नका. आईचं पुस्तक तिथे जपून ठेवलेलं असणं ही छोटी गोष्ट नाही.

प्रस्तावना विकत घ्यायची नाही. आणि गड्ड्याच्या यात्रेचं म्हणाल तर यात्रा दर संक्रांतीला भरते. या वर्षी आईच्या नावाने काही करायचंच असेल तर घरकुलातल्या चार बायकांना बोलवा आणि नववं पान वाचून दाखवा. कुठे हसतात, कुठे 'असं नव्हतं गं' म्हणतात, ते लिहून घ्या.

राहिली मुलगी. टंकलेखनाचं काम तिलाच द्या. तेलुगू कळणार नाही म्हणणारी तीच तुमची पहिली वाचक. जिथे अर्थ लागला नाही तिथे समासात खूण कर, पण शब्द बदलू नकोस, असं तिला सांगा. सगळं टाइप झाल्यावर त्या खुणा मोजा. मला वाटतं तुम्हाला भीती वाटते त्यापेक्षा त्या पुष्कळ कमी निघतील. जिथे निघतील तिथे आजूबाजूचं वाक्य बदला, आईचा शब्द तसाच ठेवा.